ओळ फिरवायची कळ

मंगळवार, संध्याकाळ

दादा,

आधी एवढं वाच: बाबा जिवंत आहेत, शुद्धीवर आहेत, हातपाय हलतायत, बोलतायत. आता बाकीचं बसून वाच.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज पाहिलास की दोन खुणा निळ्या होतात आणि पुढे सामसूम. म्हणून कागदावर लिहिते आहे. कागद फाडून टाकायचा तरी आधी पाकीट उघडावं लागतं.

आज सकाळी बाबा नेहमीसारखे उठले, दाढी केली, चहा घेऊन खिडकीपाशी बसले. मी आत केस विंचरत होते. बाहेरून त्यांचा चिडका आवाज आला, "हा कुठला पेपर टाकलाय आज?"

मी म्हटलं, "नेहमीचाच असेल की."

"नेहमीचा कसला! कुठल्यातरी परक्या लिपीतला आहे. मलासुद्धा ओळखू येत नाहीये."

आत्या स्वयंपाकघरातून ओरडली, "तुला येत नाही अशी लिपी निघाली एकदाची! आता तरी घरात जरा शांतता नांदेल."

मी हसत बाहेर आले. दादा, पेपर आपलाच होता. तोच, लहानपणापासून दारात पडतो तो. वरचं नाव तेच, अक्षरं तीच. बाबांनी तोवर पेपरवाल्यासाठी चिठ्ठीही लिहून ठेवली होती. त्यांच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात: "आज आपण चुकीच्या भाषेतलं वर्तमानपत्र टाकलंत. कृपया बदलून द्यावं." एकही वेलांटी चुकलेली नाही.

मला वाटलं, थट्टा करतायत. मी चिठ्ठी त्यांच्याच हातात दिली आणि म्हटलं, "बाबा, हे वाचून दाखवा ना."

त्यांनी ती जवळ धरली. लांब धरली. चष्मा पुसला. मग मला विचारलं, "हे कोणी लिहिलंय?"

"तुम्ही. आत्ता."

ते हसले. मी ओळीवरून बोट फिरवलं, बोटाला निळी शाई लागली. ते बोट मी त्यांना दाखवलं. मग त्यांचं हसू थांबलं. माझ्या तोंडाकडे बघून थांबलं की बोटाकडे बघून, ते मला सांगता येणार नाही. 

गाडी बोलावली. बाहेर पडताना त्यांचा उजवा खांदा दाराच्या चौकटीवर धाडकन आपटला, जशी काही चौकट तिथे नव्हतीच. आम्ही अजून दवाखान्यातच आहोत. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखं काही नाही.

असं लिहून पत्र संपवणार होते. पण असं कोणीही म्हटलेलं नाही.

तुझी धाकटी


शनिवार, दुपार

दादा,

बाबांना गुरुवारी घरी आणलं. झालं ते असं.

मेंदूच्या डॉक्टर माझ्याच वयाच्या आहेत, हळू आवाजात बोलतात. त्यांनी ट्रेमधून एकेक वस्तू उचलून बाबांना विचारली. किल्ली. चमचा. कंगवा. घड्याळ. बाबा फटाफट सांगत होते, वर म्हणाले, "बालवाडीत घालताय का मला?" मग डॉक्टरांनी एक कार्ड धरलं. त्यावर ठसठशीत "क" होता.

बाबा बघत राहिले. "काहीतरी वळणाचं आहे. खुंटीसारखं. याला काय म्हणतात?"

डॉक्टरांनी मग कागद-पेन दिलं, मनात येईल ते लिहा म्हणाल्या. बाबांनी एक ओळ झरझर लिहिली. डॉक्टरांनी कागद त्यांच्यापुढे धरला आणि वाचायला सांगितलं. नाही आलं. तेव्हा बाबांनी कागद माझ्याकडे दिला आणि अगदी साधेपणाने विचारलं, "काय लिहिलंय गं मी?"

लिहिलं होतं: "माझ्या मुलीला घाबरवू नका."

मी वाचून दाखवलं. कसं, ते विचारू नकोस.

डॉक्टरांनी बाहेर बोलावून समजावलं. मेंदूच्या मागच्या भागात, डाव्या बाजूला, गुठळी अडकली होती. आता बाबांची उजवीकडची अर्धी नजर गेली आहे. दोन्ही डोळ्यांची. त्यांना काळोख दिसत नाही, तिकडचं काही दिसतच नाही. आणि डोळ्यांना दिसलेलं अक्षर जिथे ओळखलं जातं, तिथवरचा रस्ता बंद झालाय. लिहिण्याचा रस्ता वेगळा, तो शाबूत आहे. बोलणं, आठवण, बुद्धी, सगळं शाबूत.

"परत येईल?" मी विचारलं.

"थोडं येऊ शकतं. कदाचित नाहीही." मग त्यांनी बाबांचा व्यवसाय विचारला. मी म्हटलं, फारोंच्या काळची चित्रलिपी वाचतात. थडग्यांच्या भिंतींपुढे उभं राहून एकेक चिन्ह हाताने उतरवून त्यांनी पुस्तक केलंय, जगभर त्यावरून शिकवतात. डॉक्टरांचं पेन थांबलं. "अरे देवा," असं त्या म्हणाल्या. 

घरी आल्यावर बाबा आधी त्यांच्या खोलीत गेले. कपाटातून पुस्तकं काढायची, उघडायची, मिटायची, परत ठेवायची. पुस्तकं त्यांना जाडीवरून आणि जागेवरून ओळखू येतात. एक खण झाला की पुढचा. मी दारात उभी होते. ते वळून म्हणाले, "सगळी आहेत. एकही बोलत नाही."

आता सकाळी आत्या पेपर वाचून दाखवते. ती पूर्णविराम गिळते, त्यामुळे मंत्र्यांचा परदेश दौरा थेट पुरात वाहून जातो. बाबा तिला वाक्यागणिक टोकतात. ती म्हणते, "फुकट मिळतंय तर नखरे करू नकोस." एवढाच काय तो घरात आवाज.

आणखी एक. तुला कुणी ना कुणी सांगितलं असेलच, तरी माझ्याकडून ऐक. तू सोडून गेलास त्या ऑफिसात, तुझ्याच खुर्चीत, मी बसते. खुर्चीचा डावा हात अजून हलतो. आत्याने परवा विचारलं, "तुम्ही तिथे नक्की करता काय?" मी म्हटलं, त्या जुन्या लिपीतल्या प्रत्येक चिन्हाला एक कायमचा नंबर द्यायचा, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर, कुठल्याही फोनवर तो नंबर गेला की तेच चिन्ह उमटेल. "म्हणजे पक्ष्यांना फोन नंबर वाटता!" ती म्हणाली. वाटतोच की. फरक एवढाच, की एकदा दिलेला नंबर परत काढून घेता येत नाही. चूक झाली तर ती जन्माची. राहिलेल्या चिन्हांची आमची शेवटची यादी आता रवाना व्हायची आहे.

बाबांना मी कुठे जाते ते माहीत आहे. त्यांनी माझा स्क्रीन एकदाही पाहिलेला नाही. लिपीतज्ज्ञांच्या त्या सभेनंतर हा विषयच घरात बंद आहे. तू बनवलेल्या प्रोग्रॅममध्ये एक कळ दाबून तुझं ते अख्खी ओळ उलट दिशेला फिरवून दाखवणं, आणि मग बाबांचं उभं राहणं: "लेखकाने प्रत्येक प्राण्याचं तोंड विचार करून वळवलं होतं. माझ्या मुलाच्या यंत्रात एक कळ दाबली की सगळे एकदम पाठ फिरवतात. कवायत आहे का ही?" सगळं सभागृह हसलं होतं. तू मंचावरून उतरून निघून गेलास तो घरीही आला नाहीस.

मी कुणाची बाजू घेत नाहीये. ते आजारी आहेत म्हणून तू विरघळावंस असंही म्हणत नाही. फक्त मला हे एकटीला पेलत नाहीये.

धाकटी


बुधवार, सकाळ

दादा,

काल जे झालं ते मी आत्याला दोनदा सांगितलं, डॉक्टरांना फोनवर सांगितलं, आणि अजून मलाच खरं वाटत नाही.

ऑफिसला रजा मिळत नव्हती म्हणून लॅपटॉप घरी आणला. जेवणाच्या टेबलावर काम करत होते. ज्याला वाचता येत नाही त्याचा दिवस फार लांब असतो. बाबा घरभर येरझारा घालत होते. एका फेरीत ते माझ्या पाठीमागे थांबले. मी मान वर केली नाही. वाटलं, आता काहीतरी टोचून बोलतील.

"हे बदक छान काढलंय," ते म्हणाले.

स्क्रीनवर नमुन्याची एक ओळ होती.

"बदक," ते परत म्हणाले. मग आवाज बदलला. "बदक म्हणजे मुलगा."

हे आपण दोघं त्यांच्या मांडीवर बसून शिकलो होतो, आठवतं? त्या लोकांच्या भाषेत बदकाचा आणि मुलाचा उच्चार सारखा, म्हणून मुलगा लिहायचा तर बदक काढायचं. पण दादा, ज्यांना "क" वाचता येत नाही ते हे वाचत होते.

मी हळूच म्हटलं, "पुढे?"

"पुढे काही नाही."

पुढे होतं. ओळ डावीकडून उजवीकडे जात होती आणि उजवीकडचं त्यांना दिसतच नाही. एक चिन्ह दिसायचं, पुढचं सगळं गायब. मी काही ठरवून केलं नाही, बोटानेच केलं. तुझी कळ दाबली. ओळ फिरली. बदक उजव्या टोकाला गेलं, तोंड उजवीकडे, आणि बाकीची सगळी ओळ त्याच्या डाव्या अंगाला आली. दगडांवर बहुतेकदा असते तशीच, उजवीकडून डावीकडे.

बाबांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. "थाळी. नाही, थांब. सूर्य. बदक आणि सूर्य. सूर्याचा मुलगा. राजाची पदवी आहे ही." आणि ते पुढे निघाले. आधी वस्तूचं नाव घ्यायचे, मग तिचा आवाज, मग शब्द. घुबड. तोंड. पाण्याची लाट. हात. जे चिन्ह कशाचंच चित्र नाही तिथे अडखळायचे, कपाळाला आठ्या पडायच्या, मग ते सोडून पुढच्या चित्रावर जायचे. ओळ संपली तेव्हा घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

आत्या बाहेर आली. "काय रे, काय झालं? दोघं असे भूत बघितल्यासारखे का बसलात?"

"मी वाचलं," बाबा म्हणाले.

"खरंच? मग हे विजेचं बिल वाच."

"त्यात पक्षी नाहीत."

आत्या हसायला लागली आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. डॉक्टर म्हणाल्या, अक्षरांचा रस्ता बंद असला तरी चित्रं ओळखण्याचा चालू असू शकतो, पण असं प्रत्यक्षात त्यांनीही पाहिलेलं नाही. पुढच्या तपासणीला लॅपटॉप घेऊन या म्हणाल्या.

बाबांनी फक्त एक विचारलं, "ही ओळ कशाने फिरवलीस?" मी म्हटलं, "एक कळ आहे." कुणाची, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का? तूच सांग.

धाकटी


सोमवार, दुपार

दादा,

तुझा मेसेज आला. "आता कसे आहेत?" तीन शब्द. आत्याने फोन माझ्या हातातून घेऊन तीनदा वाचला, शब्द वाढतील या आशेने.

कसे आहेत ते सांगते. त्यांनी आमचं नाक कापलं जाण्यापासून वाचवलं आहे.

शुक्रवारी आमच्या यादीची शेवटची तपासणी होती. यादी पाच जणांच्या नजरेखालून गेली होती. नावं बरोबर, नंबर बरोबर, सगळ्यांच्या सह्या झालेल्या. आमच्या संपादक बाई यादी पाठवायलाच बसल्या होत्या. मी घरी नमुन्याची पानं बाबांना ओळ फिरवून फिरवून देत होते. खरं तर त्यांचं मन रमावं म्हणून, दुसरं काही नाही. एका ओळीवर ते थांबले.

"इथे काय लिहिलंय म्हणतेस?"

"थोर राजा."

"मग चिमणी कशाला बसवलीय?"

मी म्हटलं, "चिमणी नाही बाबा, पाकोळी आहे. यादीत बघा, पाकोळी असंच लिहिलंय."

"यादी मला वाचता येत नाही," ते म्हणाले. "पक्षी येतो. शेपटी बघ. पाकोळीची शेपटी दुभंगलेली असते. ही गोल आहे. पाकोळी म्हणजे थोर, चिमणी म्हणजे क्षुद्र. बिचाऱ्या राजाला तुम्ही क्षुद्र करून टाकलंत."

मी चिन्ह मोठं करून पाहिलं. पाकोळीच्या नंबरावर चिमणी बसली होती आणि चिमणीच्या नंबरावर पाकोळी. दोन चित्रांची अदलाबदल झाली होती. आम्ही पाचही जण नाव वाचत होतो, नंबर जुळवत होतो, पुढे जात होतो. पक्ष्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

मी बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "माझं बोट कळीवर होतं गं." एवढंच. नंतर त्या खूप मोठ्याने हसल्या. संध्याकाळपर्यंत चित्रं आपापल्या जागी गेली आणि यादी रवाना झाली. बाईंनी बाबांचे आभार छापायचे म्हटलंय.

मी हे बाबांना सांगितलं. त्यांनी हात झटकला. "आभार राहू देत. मला ओळ उलटी मिळाली नसती तर शेपटी दिसलीच नसती. शेपटी उजवीकडे होती." मला कळलं की आता तो प्रश्न येणार.

"ती कळ कोणी केली?"

आत्या भाजी चिरत होती, सुरी थांबली.

"दादाने," मी म्हटलं.

"सभेत दाखवली होती तीच?"

"तीच."

त्यांचा चेहरा मी सांगू शकत नाही. पेपर परक्या लिपीत दिसला तेव्हासुद्धा ते इतके हबकले नव्हते. "कवायत" एवढा एकच शब्द बोलले, स्वतःशीच, आणि उठून खोलीत गेले. जेवायलाही बाहेर आले नाहीत. आत्या म्हणाली, "सांगायची काय घाई होती?" मी म्हटलं, "त्यांनी विचारलं." "विचारलं म्हणून काय झालं!" ती म्हणाली, आणि पानं वाढायला गेली.

आज सकाळी त्यांनी कागद मागितला. खिडकीपाशी बसून लिहिलं. ओळी तिरप्या जात होत्या, एक तर दुसरीवर चढली. मी पुढे होऊन सांगणार होते, पण आत्याने माझा दंड धरला. लिहून झाल्यावर त्यांनी सवयीने कागद डोळ्यांसमोर धरला. तू हॉस्टेलमधून लिहिलेली पत्रंसुद्धा लाल पेनाने दुरुस्त करून परत पाठवणारा माणूस! काही क्षण तसाच धरला. मग घडी घातली आणि म्हणाले, "वाचू नकोस. पत्ता तेवढा तू घाल."

मी वाचलेलं नाही. त्यांनाही वाचता येणार नाही. सोबत ठेवते आहे.

धाकटी


(सोबतचा कागद)

दादा,

घरात तुला सगळे दादा म्हणतात, म्हणून मीही तेच लिहितो.

हे मला परत वाचता येणार नाही. ओळी एकमेकींवर गेल्या असतील, शब्द सुटले असतील. अंदाजाने लाव. दुरुस्त करून पाठवू नकोस, उपयोग नाही.

तुझी कळ वापरतो. रोज वापरतो. पक्षी चांगले वळतात. माणसंही. काम स्वच्छ आहे. हे त्या दिवशीही स्वच्छच असणार, मी नीट पाहिलं नव्हतं.

एक दोष मात्र आहे. एकटं चिन्ह बरोबर फिरतं. पण एकाखाली एक अशी दोन चिन्हं असली की वरचं फिरतं आणि खालचं तसंच राहतं. काल एका ओळीत सगळे उजवीकडे बघत होते आणि खालचा साप एकटाच तोंड फिरवून डावीकडे चालला होता. तुझ्या बहिणीला दाखवलं. ती म्हणाली, हे फक्त तुलाच दुरुस्त करता येईल, आतलं लिखाण तुझं आहे.

तो साप मला खटकतो. त्याच्यापाशी आलो की वाचणं थांबतं.

हे दुरुस्त करायला इथे यावं लागतं की तिथे बसूनही होतं, यातलं मला काही कळत नाही. तिथे बसून होत असेल, तर ते मला कळवू नकोस.

बाबा